मनातलं बोलायची बैठक: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कापूस-सोयाबीन-तुरीचा पट्टा. दर आठवड्याला आम्ही काही जण एकत्र बसतो अन् आपलं कसं चालू आहे, काय नवीन करून पाहिलं, जीव कसा आहे यावर बोलतो. ही गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरली तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतून तेच तेच प्रश्न येऊन राहिले, कोणी व्हॉइस नोट पाठवते, कोणी बाजारात गाठून विचारते. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. एकाचं उत्तर दुसऱ्यात गुंतलं असेल तिथं प्रश्नाचा नंबर दिला आहे, तेवढं वर-खाली करून वाचा.

१. ताई, हे नेमकं असते काय? भजन आहे का मीटिंग आहे?

दोन्ही नाही. पाच-दहा माणसं गोल बसतात, एक जण प्रश्न ठेवते, मग ज्याला वाटेल तो बोलते अन् बाकीचे ऐकतात. प्रश्न साधाच असते, म्हणजे "या आठवड्यात काय करताना वेळेचं भान राहिलं नाही?" किंवा "शेवटचं पोटभर झोपले कधी?" असा. भाषण नाही, हार-तुरे नाही, वर्गणी नाही. अन् आपल्या भागात हे काही आकाशातून पडलेलं नाही. शेंडगावचे गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे अन् रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे, उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना अजूनही कितीतरी गावांत संध्याकाळी होते, तिथं सगळे एका जागी शांत बसतातच. आमच्याकडे फरक एवढाच की प्रश्न विचारणारा दर वेळी वेगळा असते, कधी सातवीतली पोरगी असते, कधी सत्तरीचे काकाजी.

२. किती लोकं पाहिजे? सुरू कसं करू?

दोन पुरे. खरं सांगते, पहिल्यांदा गाव गोळा करायच्या मागं लागू नका, ज्याच्याजवळ तुम्ही मोकळं बोलता असा एक माणूस घ्या अन् एक प्रश्न ठरवा. दहाच्या वर गेले की लाजरी माणसं गप्प होतात, मग दोन गोल करा. वेळ एक तास, त्याच्यावर नको, घरी ढोरं वाट पाहत असतात.

३. आम्ही शेतकरी माणसं, आमच्यात कलाकार कोणी नाही. क्रिएटिव्हिटीवर आम्ही काय बोलणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येते अन् प्रत्येक वेळी मला वाईट वाटते, कारण विचारणाऱ्याच्या घरात हमखास एखादी माय असते जिनं जुन्या लुगड्यांची वाकळ अशी शिवली असते की पाहतच राहावं. स्प्रे पंपाचा तुटलेला पट्टा सायकलच्या ट्यूबनं बसवला, ती कला नाही का? भुलाबाईच्या दिवसांत, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, पोरी गाण्यात स्वतःच्या ओळी घुसवतात अन् खाऊ ओळखायला लावतात, ते कोणी शिकवलं त्यांना? जात्यावरच्या ओव्या पाहा. हेमा राईरकर अन् गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्या रचणाऱ्या बायांपैकी बहुतेकींना लिहिता येत नव्हतं. अन् आपली झाडीपट्टी! गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे दिवाळीनंतर धान घरात आला की रात्र-रात्रभर नाटकं चालतात, वडसा तर त्याचं मुख्य ठिकाण, अन् त्यातले कितीतरी नट दिवसा वावरात असतात. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री भेटली.

म्हणून बैठकीत "तुम्हाला कोणती कला येते?" असं कधीच विचारू नका, माणूस लगेच "काही नाही बा" म्हणून मोकळा होते. "हे तुम्हाला सुचलं कसं?" असं विचारा. बोट ठेवून एखाद्या वस्तूबद्दल विचारा. मग पाहा कसं बोलतात ते.

४. सुचतच नाही काही. डोकं बंद पडल्यासारखं होते. काय करावं?

ग्रॅहम वॉलस नावाच्या इंग्रज अभ्यासकानं १९२६ मध्ये सुचण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या. आधी विषयात डोकं घालणं, मग तो बाजूला ठेवून देणं, मग अचानक सुचणं, अन् शेवटी सुचलेलं तपासून पाहणं. आपलं दुसऱ्या पायरीवर अडते. बाजूला ठेवायची जागाच राहिली नाही. निंदताना, वेचताना, वावराच्या रस्त्यानं जाताना डोकं रिकामं असायचं, तिथं गोष्टी सुचायच्या, आता तिथंही कानात गाणी नाही तर रील. मी एवढंच म्हणते की जाताना ऐका हवं तर, येताना कान मोकळे ठेवा. अन् सुचलं की लगेच टिपा, वही नसेल तर मोबाईलमध्ये स्वतःचाच आवाज रेकॉर्ड करा, कारण घरी पोचेपर्यंत ते उडून जाते. आणि ज्या विषयात आधी डोकंच घातलं नाही तो नुसता फिरल्यानं सुचत नाही, हेही लक्षात असू द्या.

५. सेल्फ-केअर म्हणजे पार्लर, मसाज ना? आमच्याजवळ कुठं पैसा आहे?

नाही हो. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या साधी आहे: माणसानं, घरानं, गावानं आपली तब्येत राखणं, आजार टाळणं, झालाच तर त्याला तोंड देणं, डॉक्टरच्या मदतीनं किंवा त्याशिवाय. यात पार्लर कुठं आलं?

आपल्याकडे स्वतःची काळजी फवारणीपासून सुरू होते असं माझं ठाम मत आहे. २०१७ च्या हंगामात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-मजूर गेले अन् शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या उंचीला गेली होती, औषध तोंडावर येत होतं. तरी आजही नोझल अडकलं की तोंडानं फुंकणारे दिसतात. उपाशीपोटी फवारायचं नाही, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहायचं नाही, पूर्ण बाह्या, हातमोजे, तोंडाला मास्क, घरी आल्यावर लेकराला घ्यायच्या आधी आंघोळ अन् ते कपडे वेगळे धुवायचे. रोजंदारीवर फवारणारा असेल तर हातमोजे मालकानं द्यायचे, हे बैठकीत उघड बोला.

मग बाकीचं. बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद न करणं. चष्मा लागला असेल तर लावणं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाते तेव्हा दुपारचं काम सकाळवर आणणं. वावरात दिवसभर लघवीला जागा नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या बाया आहेत, त्यांना जळजळ होते, खडे होतात, अन् ही गोष्ट कोणी बोलत नाही. आमच्या बैठकीत एकीनं काढली तेव्हा पाच जणी म्हणाल्या, "माझंबी तसंच." आता धुऱ्यावर (बांधावर) चार काठ्या अन् जुनं लुगडं बांधून आडोसा करतात.

६. लाईन (वीज) रात्रीच असते, ओलिताला (पिकाला पाणी द्यायला) जावंच लागते. झोपेचं काय करू?

मोठ्या माणसाला रोज सात तास तरी झोप लागते, अन् रात्री भेटली नाही तर ती दिवसा भरून काढणं हा आळस नाही. हे आधी घरच्यांना पटवा. दुपारी दोन तास दार लावून झोपा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. धुऱ्याला धुरा लागून असलेल्या दोघांनी पाळी लावली तर एक रात्र आड झोप भेटते, आमच्याकडे तीन-चार घरांनी अशीच जोडी केली आहे. गमबूट अन् टॉर्च शिवाय जायचं नाही, अन् डोळा लागला तरी धुऱ्यावर आडवं व्हायचं नाही, तिथंच साप चावते. आणखी एक: जागरणाच्या दुसऱ्या दिवशी घरात मोठा निर्णय घ्यायचा नाही, भावकीतल्या भांडणात पडायचं नाही. जागलीचंही (रात्री पीक राखायचंही) हेच, रानडुकरं अन् रोही (नीलगाय) काही आपली झोप पाहून येत नाहीत.

७. बायांना वेळच भेटत नाही. मी बसू कधी?

बैठकीची वेळ बायांना विचारून ठरवा, दुसरा उपाय मला माहीत नाही. संध्याकाळी सात वाजता ठेवली की गडीच येतात, कारण त्याच वेळी चूल पेटलेली असते. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी असते, म्हणून बाजाराच्या दिवशी चार वाजता बसतो. अन् घरात रोज पंधरा मिनिटं स्वतःची पाहिजे असतील तर ती मागून घ्या, उरतील मग घेऊ असं म्हटलं तर ती उरत नाहीत. सासूबाई, मालक, पोट्टे, सगळ्यांना सांगून ठेवायचं की या वेळी मला आवाज द्यायचा नाही. पहिले काही दिवस देतील. देऊ द्या, उठू नका.

८. बैठक कुठं घ्यावी? देवळाच्या पारावर चालते का?

स्पष्टच लिहिते. देवळाच्या पारावर घेतली तर बौद्ध वस्तीतली माणसं येत नाहीत, विहारात घेतली तर इकडचे कचरतात, कोणाच्या ओसरीत घेतली तर त्या घराशी ज्याचं वाकडं आहे तो येत नाही. मोहल्ल्यामोहल्ल्यातलं हे अंतर सगळ्यांना माहीत आहे, त्यावर पांघरूण घालून मनमोकळं बोलणं होत नाही. जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा सगळ्यात बरा, हेडमास्तरांना आधी विचारून घ्या. पण नुसती जागा बदलून भागत नाही, कोण आलं नाही हे पाहून त्याच्या घरी जाऊन बोलवावं लागते, त्याच्या घरचा चहा प्यावा लागते. खुर्च्या मांडल्या तर सगळ्यांना, नाही तर सगळे सतरंजीवर.

९. सल्ला काऊन नाही द्यायचा? आपल्याला माहीत आहे ते सांगू नये का?

समजा एक जण म्हणते, "कापूस घरात पडून आहे, भाव नाही, कशात जीव लागत नाही." लगेच चार जण सुरू होतात: थांब, भाव वाढणार, नको थांबू, जिनिंगवर नेऊन टाक. तो गप्प होते. त्याला भावाचं कळत नव्हतं का? त्याला सांगायचं होतं की जीव लागत नाही, अन् ते कोणी ऐकलंच नाही. अमेरिकेतले कार्ल रॉजर्स अन् रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये अशा ऐकण्यावर लिहिलं होतं. सार असं की समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगून बरोबर समजलं का ते विचारायचं, निवाडा करायचा नाही. आमच्याकडे एक वाक्य ठरलं आहे: "नुसतं ऐकू, का काही सुचवू?" तो म्हणेल तसं करायचं.

अपवाद आहे. सरकारी अर्जाची तारीख उद्या संपून राहिली, अंगावर विषबाधेची लक्षणं दिसून राहिली, साप चावला अन् माणूस मांत्रिकाकडे निघाला, तिथं विचारत बसू नका, सरळ सांगा. प्रश्न १४ मधली वेळ आली तरीही.

१०. कोणी रडायला लागलं तर?

रडू द्या. पाणी द्या. "रडू नको" म्हणू नका, विषय बदलू नका, अन् सगळ्यांनी एकदम जवळ जाऊ नका, शेजारी बसलेला आहे तेवढा पुरे. थांबल्यावर विचारा, पुढं बोलायचं का आज इथंच ठेवायचं.

११. मला चार लोकांत बोलता येत नाही. लिहिलं तर चालते का?

चालते, अन् काही जणांना तेच जास्त लागू पडते. जेम्स पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये कॉलेजच्या पोरांवर प्रयोग केला, चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनात खोल रुतलेल्या गोष्टीबद्दल लिहायचं. लिहिल्या-लिहिल्या त्यांना जास्तच जड वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तर पहिल्या दिवशी बरं वाटलं नाही म्हणून वही फेकू नका. शुद्धलेखन सोडा, वऱ्हाडीत लिहा, लिहून झालं की फाडून चुलीत टाकलं तरी काम झालं. लिहिता येत नसेल तर फोनमध्ये बोला अन् पुसून टाका. पण घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर कोणाला लिहायची जबरदस्ती करू नका, त्या दिवसांत सोबत बसणंच पुरे.

१२. जागरूकपणे जगणं म्हणजे विपश्यना-ध्यानच करावं लागते का?

करायचं असेल तर जरूर करा. इगतपुरीच्या परंपरेची शिबिरं दहा दिवसांची असतात, पूर्ण मौन. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत दवाखान्यातल्या पेशंटसाठी ध्यानाचा कोर्स काढला, त्याचं मूळही बुद्धाच्याच शिकवणीत. पण घरचं काम सोडून दहा दिवस जाणं सगळ्यांना जमत नाही, अन् त्यानं कोणी कमी ठरत नाही. दिवसातलं एक काम निवडा, दूध काढणं, सडा टाकणं, पहिली भाकर खाणं, अन् तेवढ्या वेळात दुसरं काही करायचं नाही. मन भरकटणारच, भरकटलं हे लक्षात आलं की परत हाताकडे पाहायचं. ज्यांची मानसिक आजाराची गोळी चालू आहे त्यांनी लांब मौनाच्या शिबिराआधी डॉक्टरला विचारावं. मोबाईल सुटत नाही असंही लय जण विचारतात, त्याचं उत्तर प्रश्न ४ अन् ६ मध्ये आलं आहे.

१३. इथं बोललेलं गावभर झालं तर?

भीती खरी आहे. गाव लहान, प्रत्येक जण कोणाचा ना कोणाचा सोयरा. आमचा नियम असा की बैठकीत जे स्वतःबद्दल बोललो ते बाहेर सांगायला आपण मोकळे, दुसऱ्याचं एक अक्षर नाही, नवऱ्याजवळ पण नाही. दुसरं, हजर नसलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. सासू-सून, भाऊ-भाऊ एका गोलात नको, तोंड उघडत नाही कोणाचं. फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, स्टेटस नाही. एवढं करूनही शंभर टक्के हमी कोणी देऊ शकत नाही, म्हणून नवीन माणसाला आम्ही आधीच सांगतो, बाहेर गेलं तरी सोसेल तेवढंच बोला, बाकीचं वहीत (प्रश्न ११). कोणी फोडलंच तर त्याला एकट्याला भेटून विचारायचं, चारचौघांत पाणउतारा करायचा नाही. गुपित न ठेवण्याची एकच वेळ आहे, ती पुढच्या प्रश्नात.

१४. कोणी "आता जगावंसं वाटत नाही" म्हणालं तर?

थट्टेवर नेऊ नका. सरळ विचारा, "मरायचा विचार येते का? काही ठरवलं आहे का?" असं विचारल्यानं डोक्यात नवीन विचार भरत नाही, उलट माणूस मोकळा होते. त्याला एकटं सोडू नका. घरातलं, वावरातल्या कोठ्यातलं फवारणीचं औषध उचलून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा, हे त्याच दिवशी, कारण तो क्षण निघून जाईपर्यंत हाताशी काही नसण्यानंच जीव वाचते. टेली-मानस ही मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिचा नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येते. आशाताईला कळवा, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञ असतात, सोबत जा. कोणी औषध प्यालंच असेल तर १०८ लावा, उलटी काढायला मीठपाणी पाजू नका, डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत न्या, डॉक्टरला उपचार ठरवायला ते लागते. बैठक ही दवाखाना नाही, इथं आपलं काम त्या माणसाला दवाखान्यापर्यंत नेण्याचं.

१५. पिऊन कोणी आलं तर बसू द्यायचं का?

त्या दिवशी नाही. भांडण न करता घरी पोचवा अन् दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन "पुढच्या वेळी ये" म्हणून सांगा, हे सांगणं महत्त्वाचं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे तरी पिणारे आहेतच, म्हणून नुसत्या बंदीवर किंवा शपथेवर हे सुटत नाही. अन् एक लक्षात ठेवा, जो वर्षानुवर्षं रोज पिते त्यानं एका दिवसात तोडली तर हात कापणं, भास, झटके येऊ शकतात, जिवावर बेतते. देवासमोर शपथ घालून खोलीत कोंडायचं नाही, आधी डॉक्टर.

१६. नापिकी झाली, कर्ज आहे, अन् तुम्ही म्हणता बसून बोला. यानं काय होते?

कर्ज फिटत नाही. हे मी कोणापासून लपवत नाही. भाव, पाणी, विमा, रस्ता यासाठी भांडावंच लागते, अन् कोणी बैठकीचा वापर करून लोकांना "मनातून शांत राहा" असं शिकवू लागला तर ती बैठक बंद केलेली बरी. पण लपवालपवी कमी होते हे मी पाहिलं आहे. नापिकीची लाज वाटते, माणूस सोयऱ्यांकडे जाणं बंद करते, पारावर बसणं बंद करते, अन् एकटा पडला की त्याला विम्याचे कागदही दिसत नाहीत. २०२५ च्या आधी गारपिटीनं नुकसान झालं तर पीक विम्यासाठी ७२ तासांत कळवावं लागायचं, हे एकाला माहीत होतं अन् तिघांना नव्हतं. ते बोलण्यातूनच निघालं. राग आला तर बैठकीत राग बोला, तोही मनातलाच आहे.

१७. मधेच बंद पडली तर परत कशी सुरू करायची?

मृगाचा पाऊस पडला की कोणीच येत नाही, पेरणी, डवरण, निंदण एकामागं एक लागते. त्या दिवसांत ओढून-ताणून घेऊ नका, रागावू पण नका, सरळ सांगून थांबवा अन् परतीची तारीख आधीच ठरवून ठेवा. ज्यांना मधेच जड जाईल त्यांच्यासाठी दोघा-दोघांची जोडी लावून द्या, आठवड्यातून एक फोन. आमची यंदा पोळ्यानंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी चार वाजता शाळेच्या व्हरांड्यात सुरू होईल, बाजूच्या गावातले आले तरी चालते, सतरंजी आम्ही आणतो.